तांबडा दुवा : एका खुणेचा इतिहास

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील एखादे मराठी पान उघडले असता मजकुरातील काही शब्द निळ्या रंगात, तर काही तांबड्या रंगात दिसतात. निळ्या शब्दावर टिचकी मारली की त्या विषयाचा लेख समोर येतो. तांबड्या शब्दावर टिचकी मारली तर लेख उघडत नाही. त्या नावाचा लेख येथे अद्याप नाही, लिहावयाचा असल्यास आपण लिहावा, अशा आशयाची सूचना आणि एक कोरी चौकट वाचकापुढे येते. वरवर पाहता ही रंगसंगतीची किरकोळ बाब वाटेल. परंतु हे दोन रंग कोणी संपादक हाताने भरीत नाही. पान तयार होत असताना संगणकातील आज्ञावली प्रत्येक दुव्याची चौकशी करते आणि ज्याचे लक्ष्य सापडत नाही तेवढ्याच दुव्याला वेगळी ओळख देते. आपल्याजवळ काय नाही हे इतक्या उघडपणे, आणि तेही नेमक्या जागी, सांगणारा कोश यापूर्वी झाला नव्हता. ही सोय कशी घडत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे बोट दाखविण्याची पद्धत संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. दिदरो आणि दालांबेर यांनी संपादित केलेला फ्रेंच विश्वकोश १७५१ ते १७७२ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील लेखांतून इतर लेखांकडे निर्देश केलेले आहेत. १७५५ साली निघालेल्या पाचव्या खंडात खुद्द ‘विश्वकोश’ या विषयावर लिहिताना दिदरोने या निर्देशांचे महत्त्व विस्ताराने मांडले. आपल्याकडे कोशाचा प्रत्येक वाचक लेखाच्या शेवटी येणाऱ्या ‘पहा’ या छोट्या शब्दाशी परिचित आहे. मात्र छापील निर्देशाची एक अडचण असते. एक खंड छापून झाला, त्यात पुढील खंडातील लेखाकडे बोट दाखविले, आणि तो लेख प्रत्यक्षात लिहिलाच गेला नाही, तर छापलेले अक्षर मागे घेता येत नाही. दिदरोच्या विश्वकोशातही कधीच न लिहिल्या गेलेल्या लेखांकडे नेणारे निर्देश आहेत. बिचारा वाचक खंडामागून खंड उघडून पाहतो, आणि शोध संपल्यावरच त्याला कळते की जागा रिकामी आहे.

तांबड्या रंगाने खूण करण्याचा रिवाजही जुनाच. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत काळ्या शाईच्या मजकुरात अध्यायाची समाप्ती, श्लोकांचे अंक किंवा दंड हिंगुळाने रंगविलेले आढळतात. पोथी उघडताच डोळा कुठे थांबावा हे त्या तांबड्या रंगाने सांगावे, असा त्यामागील हेतू. पोथीत दुसरा एक रंग असे, तो हरताळाचा पिवळा. लेखनिकाच्या हातून चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ फासून ती झाकली जात. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो, तो तेथूनच आला. म्हणजे पोथीतील तांबडा रंग दाखविण्यासाठी होता आणि पिवळा झाकण्यासाठी. महाजालावरील तांबडा दुवा उणीव झाकीत नाही, दाखवितो, एवढे साम्य लक्षात ठेवून मूळ विषयाकडे वळू.

संगणकावरील मजकुरातून दुसऱ्या मजकुराकडे थेट जाता यावे, ही कल्पना मांडणाऱ्यांत टेड नेल्सन यांचे नाव अग्रभागी आहे. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या ‘झॅनाडू’ या योजनेत दुवा दोन्ही बाजूंना ठाऊक असावयाचा होता. कोणत्या मजकुराने कोणत्या मजकुराकडे बोट दाखविले आहे हे दोन्ही टोकांना समजावे आणि दुवा कधी तुटू नये, असा त्यांचा आग्रह होता. ही योजना व्यवहारात फारशी उतरली नाही.

जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जो प्रस्ताव मांडला, त्यातून पुढे ‘वर्ल्ड वाइड वेब’ आकारास आले. दुव्याच्या बाबतीत त्यांनी एक मोठी तडजोड पत्करली. त्यांचा दुवा एकतर्फी होता. कोणीही कोणाच्याही पानाकडे बोट दाखवावे, त्यासाठी समोरच्याची अनुमती नको आणि कोणत्याही मध्यवर्ती दप्तरात नोंदही नको. या मोकळेपणामुळेच हे जाळे जगभर पसरले. त्याची किंमत अशी की ज्या पानाकडे दुवा नेतो ते पान उद्या नाहीसे झाले, तर दुवा घालणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. दुवा पूर्वीसारखाच दिसत राहतो. वाचक टिचकी मारतो तेव्हाच ‘४०४’ हा क्रमांक आणि पान सापडत नसल्याचा निरोप त्याच्या वाट्याला येतो. छापील कोशातील निष्फळ ‘पहा’ येथे नव्या रूपाने परत आले होते.

दुवा ओळखू यावा म्हणून तो निळा आणि अधोरेखित करण्याची रीत रूढ झाली, तिचे श्रेय बव्हंशी ‘मोझेइक’ या ब्राउझरकडे जाते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणन केंद्रात मार्क अँड्रिसन आणि एरिक बिना यांनी तो तयार केला. १९९३ मध्ये त्याच्या एका सुधारित आवृत्तीत दुवे निळे दिसू लागले. पूर्वी उघडून पाहिलेल्या दुव्याचा रंग बदलावा म्हणजे वाचकाला आपला मार्ग आठवेल, ही सोयही याच पिढीच्या ब्राउझरांतून अंगवळणी पडली. त्यानंतर लवकरच पानाच्या आरंभी सर्व दुव्यांसाठी एक रंग, पाहिलेल्यांसाठी दुसरा आणि टिचकी मारतानाच्या क्षणासाठी तिसरा रंग नेमून देण्याची मुभा पान लिहिणाऱ्यास मिळाली. पण हे रंग सरसकट लागू होत. शंभर दुव्यांपैकी एखाद्यालाच वेगळा रंग द्यावयाचा झाला तर त्या शब्दाभोवती रंगाची खूण हाताने लिहावी लागे, आणि रंग बदलायची वेळ आली की अशा सर्व जागा एकेक करून शोधाव्या लागत.

या अडचणीवर उपाय सुचविला तो होकोन व्हिउम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने. ‘सर्न’मध्ये असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी त्यांनी आपला प्रस्ताव प्रसिद्ध केला. मजकूर एका जागी असावा आणि त्याच्या रूपाचे नियम दुसऱ्या जागी, हे त्याचे सार. डच तंत्रज्ञ बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि दोघांच्या परिश्रमातून ‘कॅस्केडिंग स्टाइल शीट्स’, म्हणजेच सीएसएस, ही नियमावली सिद्ध झाली. तिची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी प्रमाण म्हणून स्वीकारली गेली.

सीएसएसमध्ये आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे ‘क्लास’, अर्थात वर्गनाम. पानातील कोणत्याही घटकाला एक वर्गनाम देता येते आणि नियमावलीत लिहिता येते की या वर्गाचे जे दुवे असतील ते असे असे दिसावेत. दुसरी गोष्ट नावातच आहे. ‘कॅस्केड’ म्हणजे पायरीपायरीने कोसळणारा धबधबा. एकाच दुव्यावर अनेक नियम येऊन आदळले तर कोणाचे चालावे, याची उतरंड ठरलेली असते. सर्वसाधारण नियमापेक्षा वर्गाचा नियम प्रबळ, आणि वर्गापेक्षा एकाच घटकाला दिलेल्या स्वतंत्र ओळखीचा नियम अधिक प्रबळ. दोन नियमांचे वजन सारखे असेल तर जो नंतर लिहिला तो टिकतो. सर्व दुवे निळे, पण अमुक वर्गाचा दुवा तांबडा, हे सांगायला आता एक ओळ पुरेशी झाली. रंग बदलावयाचा तरी ती एक ओळच बदलायची.

परंतु अमुक दुवा त्या वर्गाचा आहे हे कोणी ठरवावे? नियमावलीला ते ठरविता येत नाही. तिला रूप ठाऊक असते, वस्तुस्थिती ठाऊक नसते. हा निर्णय पान रचणाऱ्या आज्ञावलीने घ्यावा लागतो, आणि येथे पीएचपीचा प्रवेश होतो.

पीएचपीचा जनक रासमुस लेर्डोर्फ. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या या डॅनिश-कॅनेडियन तरुणाने १९९४ साली, आपली कार्यवृत्ताची पाने किती जण पाहतात हे कळावे म्हणून, काही लहान आज्ञावल्या लिहिल्या. त्यांना त्याने ‘पर्सनल होम पेज टूल्स’ असे घरगुती नाव दिले आणि ८ जून १९९५ रोजी त्या सर्वांना खुल्या केल्या. पुढे इस्राएलमधील अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी तिची मांडणी नव्याने केली, आणि १९९८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पीएचपीचा प्रसार वेगाने झाला. तिचे वैशिष्ट्य असे की पानाच्या मजकुरातच आज्ञा लिहिता येतात. वाचकाने पान मागितले की सर्व्हरवर त्या आज्ञा पाळल्या जातात, विदागारातून म्हणजे माहितीच्या साठ्यातून हवे ते आणले जाते आणि तयार झालेले पान वाचकाकडे रवाना होते. ते पान आधीपासून कोठे लिहून ठेवलेले नसते. साहजिकच त्यातील दुवेही त्या क्षणी जन्माला येतात, आणि जन्माला येतानाच त्यांच्यापैकी एखाद्यावर वेगळे वर्गनाम ठेवणे शक्य होते. संस्थेच्या संकेतस्थळावरील अनुक्रमणिकेत वाचक सध्या ज्या पानावर आहे तेवढीच ओळ ठळक दिसते, ती याच युक्तीने. आज्ञावली प्रत्येक ओळ लिहिताना विचारते, ‘हे तेच पान आहे काय?’ उत्तर होकारार्थी आले की त्या एका दुव्याला ती निराळे वर्गनाम देते.

आता या दोन प्रवाहांचा संगम जेथे झाला त्या विकीकडे येऊ. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन तंत्रज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी सुरू केला. ‘विकी’ हा हवाई बेटांवरील भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘झटपट’ असा आहे. या विकीवर वाचक हाच लेखक होता. दोन किंवा अधिक इंग्रजी शब्द मोठ्या आद्याक्षरांसह एकमेकांना जोडून लिहिले की त्यांचा आपोआप दुवा बनत असे. त्या नावाचे पान नसेल तर शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह उमटे. प्रश्नचिन्हावर टिचकी मारावी आणि पान लिहावे, अशी ती रचना होती. नसलेल्या पानाकडे नेणारा दुवा ही चूक न मानता ते लेखनाचे निमंत्रण मानावे, हा विचार या प्रश्नचिन्हाच्या रूपाने प्रथम व्यवहारात आला.

विकिपीडियाचा आरंभ १५ जानेवारी २००१ रोजी झाला तेव्हा क्लिफर्ड अ‍ॅडम्स यांची ‘यूजमॉडविकी’ ही पर्ल भाषेतील आज्ञावली वापरण्यात आली. तिच्यातही प्रश्नचिन्हाची पद्धत होती. याच वर्षी एक बदल झाला, तो आपल्यासारख्या भाषांच्या दृष्टीने निर्णायक ठरला. मोठ्या आद्याक्षरांचे जोडशब्द सोडून देऊन दुहेरी चौकटी कंसात लिहिलेले कोणतेही नाव दुवा मानले जाऊ लागले. देवनागरीत लहान आणि मोठी अक्षरे असा भेदच नाही. जुनी पद्धत कायम राहिली असती तर मराठीत एकही दुवा घालता आला नसता.

यूजमॉडविकी आपली पाने साध्या फायलींत साठवीत असे आणि वाढता भार तिला पेलेना. मॅग्नस मान्स्क या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपीमध्ये, विदागाराचा आधार घेऊन, नवी आज्ञावली लिहिली. २५ जानेवारी २००२ रोजी विकिपीडिया तिच्यावर चालू लागला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ली डॅनियल क्रॉकर यांनी नव्याने लिहिलेली आज्ञावली तिच्या जागी आली, आणि पुढील वर्षी तिला ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले. या स्थित्यंतरात प्रश्नचिन्ह मागे पडले आणि तांबडा दुवा रूढ झाला.

त्याची कार्यपद्धती सोप्या शब्दांत अशी सांगता येईल. लेखकाने दुहेरी कंसात एक नाव लिहिले. पान तयार करताना पीएचपीची आज्ञावली ते नाव घेऊन विदागाराला विचारते, या शीर्षकाचे पान आहे काय? असेल तर साधा दुवा लिहिला जातो. नसेल तर दुव्याचा पत्ता वाचनाऐवजी लेखनाच्या चौकटीकडे वळविला जातो आणि दुव्यावर ‘न्यू’, म्हणजे ‘नवे’, असे वर्गनाम ठेवले जाते. आज्ञावलीचे काम येथे संपले; रंगाविषयी ती काहीही बोलत नाही. ‘न्यू’ वर्गाचे दुवे तांबडे दिसावेत हे सीएसएसमधील एक ओळ सांगते.

हे वर्गनाम थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. ‘तांबडा’ असे नाव ठेवले असते तर उद्या रंग बदलल्यावर ते खोटे ठरले असते. वर्गाला रूपावरून नाव न देता अर्थावरून द्यावे, हा सीएसएसच्या जाणकारांचा सल्ला येथे पाळला गेला आहे. आणि अर्थाचे म्हणून जे नाव निवडले तेही ‘नाही’, ‘तुटलेले’ किंवा ‘चुकीचे’ असे नाही. जे पान अद्याप अस्तित्वात नाही त्याला नव्या पानाचे नाव देण्यात आले.

रूपाचा नियम एका ओळीचा असला तरी त्यात बारकावे आहेत. पाहिलेला दुवा जांभळट दिसावा, हाही एक नियम असतो. वाचकाने तांबड्या दुव्यावर एकदा टिचकी मारली म्हणजे तो दुवाही ‘पाहिलेला’ ठरतो. ‘पाहिलेला दुवा’ आणि ‘न्यू वर्गाचा दुवा’ या दोन्ही नियमांचे वजन उतरंडीत सारखेच आहे, त्यामुळे जो नंतर लिहिला त्याचे चालणार. क्रम चुकला तर लेख नसतानाही दुवा जांभळा होऊन वाचकाची दिशाभूल करील. म्हणून ‘न्यू वर्गाचा आणि पाहिलेला’ अशा दुव्यासाठी अधिक वजनाचा स्वतंत्र नियम लिहिला गेला आणि त्याला मळकट तांबडा रंग देण्यात आला. एकदा डोकावून गेलात तरी पान अजून नाहीच, हे तो रंग सांगतो.

केवळ रंगावर विसंबणेही बरोबर नव्हते. ज्यांना तांबडा आणि इतर रंग वेगळे ओळखता येत नाहीत, किंवा ज्यांना संगणक पान वाचून दाखवितो, त्यांना रंगाचा काय उपयोग? माहिती केवळ रंगाने सांगू नये, असे महाजालाच्या सुगमतेविषयीच्या १९९९ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. मीडियाविकीने तांबड्या दुव्याला शब्दांत लिहिलेली टीपही जोडली. दुव्यावर माऊसचा बाण नेला असता असे पान अस्तित्वात नसल्याचे ती सांगते.

आणखी एक प्रश्न श्रमाचा होता. एका मोठ्या लेखात दोनशे दुवे असतील तर दोनशे वेळा विदागाराचे दार ठोठवावे लागेल, आणि हजारो वाचक एकाच वेळी पाने मागत असताना ते परवडणारे नाही. म्हणून आज्ञावली आधी पानातील सर्व नावांची यादी करते, ती एकत्रितपणे विदागारापुढे ठेवते आणि उत्तर आल्यावर प्रत्येक दुव्याची जागा भरते. तयार झालेले पान जपून ठेवले जाते, म्हणजे पुढच्या वाचकासाठी तेच काम पुन्हा करावे लागत नाही. पण जपून ठेवलेल्या पानात तांबडा असलेला दुवा, तो लेख लिहिला गेल्यावर निळा कसा व्हावा? त्यासाठी कोणते पान कोणत्या नावाकडे बोट दाखविते याची नोंद ठेवली जाते. नवे पान निर्माण होताच ती नोंद पाहून संबंधित सर्व पाने शिळी ठरविली जातात आणि ती नव्याने रचली जातात. पान काढून टाकले तर दुवे पुन्हा तांबडे होतात. आरंभीच्या काळात विदागारात तुटलेल्या दुव्यांची एक स्वतंत्र सारणीच होती. २००५ साली ती सर्वसाधारण दुव्यांच्या सारणीत विलीन करण्यात आली. नेल्सन यांना अभिप्रेत असलेली दोन्ही टोकांची जाणीव साऱ्या जगाच्या जाळ्यात शक्य झाली नाही, ती एका कोशाच्या चार भिंतींत अशी साध्य झाली. कोशाबाहेरील पानांविषयी मीडियाविकीला असे काही सांगता येत नाही, कारण तेथील विदागार तिच्या हाती नाही.

या नोंदीचा दुसराही उपयोग झाला. जी पाने नाहीत, पण ज्यांच्याकडे सर्वाधिक ठिकाणांहून बोट दाखविले गेले आहे, अशांची यादी विकिपीडियावर पाहता येते. कोशाला कोणते लेख तातडीने हवे आहेत हे कोणत्याही संपादक मंडळाची बैठक न भरविता कळते. अथेन्समधील डायोमिडिस स्पिनेलिस आणि पानॉस लुरिडास या अभ्यासकांनी २००८ साली इंग्रजी विकिपीडियाच्या वाढीवर निबंध प्रसिद्ध केला. नव्या लेखांपैकी बहुतेक त्या नावाचा उल्लेख दुसऱ्या लेखात आल्यानंतर लवकरच लिहिले गेले, आणि दुवा घालणारी व्यक्ती व लेख लिहिणारी व्यक्ती बहुतांशी वेगवेगळ्या होत्या, असे त्यांना आढळले. एकाने उणीव दाखवावी आणि दुसऱ्याने ती भरून काढावी, असा हा क्रम आहे. तांबडे दुवे पानाला विद्रूप करतात म्हणून ते काढून टाकावेत, असे मानणारे संपादक पूर्वीही होते आणि आजही आहेत. इंग्रजी विकिपीडियाचे मार्गदर्शन मात्र असे की ज्या विषयावर लेख होऊ शकतो त्याचा तांबडा दुवा राहू द्यावा. पान नीटनेटके दिसावे म्हणून कंस काढून टाकणे म्हणजे एका अर्थी त्या उणिवेवर हरताळ फासणेच होय.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि ही सारी यंत्रणा त्याला आयती मिळाली. परंतु मराठीत तांबड्या दुव्याला काही खास कारणे घडतात. यंत्र अर्थ जाणत नाही, ते अक्षरांची रांग जुळवून पाहते. आपण ‘इंदुरात’ लिहितो, ‘बडोद्याचे’ लिहितो, ‘ग्वाल्हेरीस’ लिहितो. शीर्षक मात्र प्रथमेत असते. विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि अक्षरे बदलतात, त्यामुळे वाक्यातील रूप तसेच कंसात टाकले की दुवा तांबडा होतो. म्हणून कंसात आधी शीर्षक, मग उभी रेघ आणि तिच्यापुढे वाक्यातील रूप, असे लिहावे लागते.

दुसरे कारण गावांच्या नावांचे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना हे सांगायला नको. बडोदे, बडोदा आणि वडोदरा. इंदूर आणि इंदौर. ग्वाल्हेर आणि ग्वालियर. बेळगाव आणि बेळगावी. माणसाला ही नावे एकाच गावाची आहेत हे उमगते, यंत्राला ती निरनिराळी वाटतात. एका नावावरून दुसऱ्याकडे वळविणारे पुनर्निर्देशनाचे पान कोणी तयार केले नाही, तर शेजारच्या नावाखाली विस्तृत लेख असूनही दुवा तांबडाच राहतो.

तिसरे कारण तर डोळ्यांना दिसतही नाही. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारांनी टंकित करता येतो. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरला जातो, दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह येते. कागदावर किंवा पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. विदागारात मात्र त्या दोन भिन्न रांगा आहेत, आणि एका पद्धतीचे शीर्षक असताना दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला दुवा तांबडा होऊ शकतो. तेव्हा तांबडा रंग पाहून ‘मराठीत यावर काहीच नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी थोडा शोध घेणे इष्ट. ‘या अक्षरांचे शीर्षक या साठ्यात नाही’ एवढेच तो रंग सांगतो. त्यापलीकडचे सांगण्याचा त्याला अधिकार नाही.

खऱ्या अर्थाने रिकाम्या असलेल्या जागेविषयीही एक पथ्य आहे. विकिपीडियावरील मजकुराला प्रसिद्ध झालेल्या विश्वसनीय साधनांचा आधार लागतो, स्वतःचे संशोधन किंवा केवळ घरातील आठवण तेथे चालत नाही. आपल्या पूर्वजांनी परमुलखात उभारलेल्या वाचनालयांचा, शाळांचा, नाट्यमंडळ्यांचा आणि गणेशोत्सवांचा इतिहास पुष्कळदा स्मरणिकांत, जुन्या नियतकालिकांत आणि दप्तरांत पडून असतो. स्मरणिका निदान छापलेली असते. घरातील मोडी कागद जोवर वाचून, संपादून प्रसिद्ध होत नाहीत, तोवर त्यांच्या आधारे तांबडा दुवा निळा करता येणार नाही, आणि केला तरी तो टिकणार नाही. कोशाचे काम हे अशा रीतीने प्रकाशनाच्या कामानंतरचे आहे.

येथे या खुणेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तांबडा दुवा उमटण्यासाठी कोणी तरी ते नाव आधी दुहेरी कंसात लिहिलेले असावे लागते. ज्या गावाचे, ज्या संस्थेचे, ज्या व्यक्तीचे नाव कोणत्याही लेखात आलेच नाही, किंवा येऊनही कोणाला ते दुवा देण्याजोगे वाटले नाही, त्याची चौकशी आज्ञावली करीत नाही. ते नाव काळ्या मजकुरात मिसळून जाते, हव्या असलेल्या लेखांच्या यादीत येत नाही आणि त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. निळा दुवा म्हणजे लेख आहे. तांबडा दुवा म्हणजे लेख नाही, पण तो असावा असे निदान एकाला वाटले आहे. ज्यावर दुवाच नाही त्याच्याविषयी असे वाटणारेही कोणी नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या मुख्य प्रवाहात आपल्या वसाहतींची अशी अनेक नावे काळ्या अक्षरांतच राहिली आहेत. लेख लिहिणे सर्वांना जमेलच असे नाही, त्याला साधने, सवड आणि अभ्यास लागतो. पण आपल्या गावाच्या उपलब्ध लेखात, आधार देऊन, एक वाक्य घालावे आणि त्यातील नावाभोवती दुहेरी कंस लिहावेत, एवढे तर घरातील संगणक वापरणाऱ्या नातवाच्या मदतीने कोणालाही करता येईल. पुढचे काम ती पीएचपीची आज्ञावली आणि सीएसएसची ती एक ओळ करतील. नाव तांबडे दिसू लागेल, यादीत चढेल, आणि ज्याच्याजवळ त्याची माहिती आहे अशा कोणा अपरिचिताच्या नजरेस पडण्याची वाट पाहील.